पारबतामावशी आणि एकशे आठ पायऱ्या

‘अंगावर टॅटू असलेल्यांना कुंडात प्रवेश नाही’ ही ओळ वेबसाइटवर होती. तिसऱ्या पानावर, तळाशी, मुंगीच्या अक्षरात, पण होती. ती मी वाचली नाही. मी जेवणाचं पान वाचत होतो.

त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, सकाळी साडेदहा वाजता, अमेरिकेतल्या कॅस्केडच्या डोंगरातल्या त्या जपानी पद्धतीच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, काउंटरच्या अलीकडे आम्ही सहाजण उभे होतो आणि पलीकडच्या बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या पारबतामावशींच्या हातांकडे पाहत होत्या. मावशींनी रजिस्टरात सही करायला स्वेटरची बाही वर सारली होती. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवंनिळं गोंदण. तुळस, विंचू, पाच ठिपक्यांची एक रांग आणि मध्ये गदा घेतलेला मारुती. कपाळावर एक ठिपका, हनुवटीवर एक.

बाई फार नम्र होत्या. त्या तीनदा वाकल्या. वाकून वाकून त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की जपानात पूर्वी अंगभर गोंदवून घेणारे लोक म्हणजे गुंडांच्या टोळ्यांतले, म्हणून हा नियम. तुमच्या आईंवर आमचा तसा काही संशय नाही. परंतु नियम आहे. लहानसा टॅटू असेल तर झाकायला त्या कातडीच्या रंगाचे स्टिकर देतात. माणशी दोन. बाईंनी दोन स्टिकर काउंटरवर ठेवले. मावशींना चौदा लागले असते, आणि एकटा मारुतीच चार घेऊन गेला असता.

“काय म्हनते ते?” मावशींनी मला विचारलं.

मी म्हणालो, “मावशी, त्यांना वाटतं तुम्ही गुंड आहात.”

“मी?” मावशींनी बाईंकडे नीट पाहिलं. “कोन्या टोळीची?”

हसलो सगळेच. पण माझं हसू मध्येच आटलं, कारण मावशी तिथे मजा करायला आल्या नव्हत्या. त्या परीक्षेला आल्या होत्या, आणि परीक्षेआधीची अर्ध्या तासाची गरम पाण्याची तयारी माझ्यामुळे बुडाली होती.

हे सगळं नीट सांगायला हवं.

पारबताबाई गजभिये या आमच्या शेजारच्या प्रितमच्या आई. बॉथेल गावात आमची आणि त्यांची भिंत एक. प्रितम एका बायोटेक कंपनीत, त्याची बायको भावना दुसरीत, आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी मैत्री तिसरीत. म्हणजे इयत्ता तिसरीत. मी चारुदत्त, पुण्याचा, तीस वर्षं सॉफ्टवेअर लिहून गेल्या साली रिटायर झालेला. दिवसभर त्या कॉलनीत घरी माणसं दोनच, मी आणि मावशी. त्यामुळे आमची मैत्री झाली नसती तरच नवल.

मावशी आमची बेल वाजवायच्या तेव्हा मी सोफ्यावरून उठून सरळ उभा राहायचो. तशी बेल आमच्या गल्लीत कोणी वाजवत नाही. एकदाच, ठाम, आणि बोट लगेच बाजूला. नागपुरातल्या महानगरपालिकेच्या एका शाळेत त्या एकतीस वर्षं शिपाई होत्या आणि घंटा त्यांच्याकडे होती. नवरा लवकर गेला. प्रितम त्या घंटेवरच इंजिनिअर झाला. मनगटावर घड्याळ कधी नव्हतं आणि अजूनही नाही. दुपारी माझ्याकडे चहा पिताना कप खाली ठेवून त्या म्हणायच्या, “आज पोरीची बस तीन मिनटं लेट आहे.” मी फोन बघायचो. तीनच मिनिटं असायची.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या घरी त्या न्हाणीघरात पडल्या. एकट्याच राहत. चार तास फरशीवर होत्या. दूधवाल्या बाईला दार उघडेना म्हणून तिने आरडाओरडा केला तेव्हा कळलं. प्रितम पहिल्या विमानाने गेला आणि आईला घेऊन आला. गुडघे दोन्ही गेलेले. हृदयामुळे डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात. तेव्हापासून मावशी बॉथेलच्या खिडकीत उभ्या असतात आणि बसची वाट बघतात. ही बस आली की मग दुसऱ्या दिवशीची.

त्यांना परत जायचं होतं. रडून नाही, भांडून नाही. रोज सकाळी वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, की चहा गाळताना त्या प्रितमला म्हणायच्या, “तिकिटाचं काय केलं?” विहारात भात कोण शिजवणार, शेजारची कोण बाळंत झाली, पंख्याला तेल कोण घालणार, असलं काहीही कारण न सांगता. फक्त, तिकिटाचं काय केलं.

ऑगस्टमध्ये आमच्या डेकवर जेवण चाललं होतं, तेव्हा प्रितमचा बांध फुटला.

“आई, दुसरा मजला आहे. लिफ्ट नाही. छत्तीस पायऱ्या. दिवसातून तीनदा तरी चढशील ना? दूध, भाजी, संध्याकाळी विहार?”

“चढीन.”

“मग चढून दाखव. एका दमात शंभर पायऱ्या चढून दाखव, आय स्वेअर, मी स्वतः वन-वे तिकीट काढतो.”

तो रागाने बोलला होता. मावशींनी ते रागाने घेतलं नाही. घास गिळला आणि विचारलं, “कुठं?”

बॉथेलमध्ये शंभर पायऱ्या नाहीत. सगळ्या इमारतींना लिफ्ट आहे. इथे माझं डोकं चाललं. ते नको तिथे चालतंच. दोन रात्रींत मी हे ठिकाण शोधून काढलं. डोंगरात गरम झरा, जपानी जेवण, आणि मागे टेकडीवर एक लहानसं जपानी देऊळ, वर जायला दगडी पायऱ्या एकशे आठ. ‘हे पाणी सांध्यांना अत्यंत हितकारक’ असं पहिल्याच पानावर होतं. म्हणजे आधी अर्धा तास मावशींनी कुंडात बसायचं, गुडघे सैल करायचे, मग चढायचं. मी मावशींना प्लॅन सांगितला. त्या म्हणाल्या, “तुमी शिकलेले आहात बाप्पा.”

तर हा शिकलेला माणूस आता काउंटरपाशी उभा होता.

भावना तोवर तापली होती. “धिस इज कल्चरल! सहा वर्षांची असताना गोंदवलंय त्यांना, त्यांना कोणी विचारलं होतं का?” ती मॅनेजरला बोलवा म्हणाली. माझी बायको मंजुषा म्हणाली, खासगी कुंड आहे ना, ते द्या. ते मंगळवारपर्यंत बुक होतं. बाई चौथ्यांदा वाकल्या.

“राहू दे भावना,” मावशी म्हणाल्या. त्यांनी बाही खाली ओढली. “नियम आहे तं आहे. मी एकतीस वर्षं फाटक लावलं. लेट आलेल्या पोराले कारन नाई विचारलं कदी.”

आणि त्या दाराकडे वळल्या. “पायऱ्या कुठं आहेत?”

प्रितमने यायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. “तू मागून हात देशील.” भावना आली, तर तीही हात देईल. मंजुषा बोलत राहील. साक्षीदार म्हणून मी. “चारुभाऊले मदत करता येत नाई, ते बरे.” बाकीचे कुंडाकडे गेले. प्रितम जाताना माझ्या कानाशी म्हणाला, “काका, दम लागला तर प्लीज थांबवा.” मग क्षणभर थांबून, खाली बघत, “आणि नाही लागला तर… नाही लागला तर बघू.”

बाहेर बारीक भुरभुर होती, थंड. देवदारांच्या खाली दिवसाउजेडीसुद्धा संध्याकाळ होती. पायथ्याशी एक लाल लाकडी कमान, रंगाचे पोपडे निघालेले. तिच्या दोन्ही बाजूंना दगडाचे कोल्हे, गळ्यात लाल फडकी बांधलेले, जेवायला बसवल्यासारखे. त्यांच्यामधून पायऱ्या वर गेल्या होत्या. शेवाळलेल्या, डावीकडे लाकडी कठडा. वरचं टोक दिसत नव्हतं.

मावशींनी कमानीखाली थांबून मला बजावलं, “मी पाया नाई पडनार हं.”

“नका पडू.”

“घंटा आहे म्हने वर?”

“आहे. दोरी ओढून वाजवतात.”

“ते वाजवीन. ते देवाची नसते, वाजवनाराची असते.”

पहिल्या छत्तीस पायऱ्या त्या अशा चढल्या की मलाच मागून धाप लागली. एक हात कठड्याला, डावा पाय वर, उजवा त्याच्या शेजारी. तोंडाने आकडे. मोठ्याने, शाळेत पाढे म्हणावेत तसे. छत्तिसाव्या पायरीवर त्या थांबल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “दूध आनलं.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. हा त्यांच्या घरचा पहिला जिना झाला होता.

दुसऱ्या जिन्याला आकडे हळू झाले. चाळिसाला मी म्हणालो, बसू या का. त्यांनी मान हलवली. पंचेचाळिसाला कठड्यावर दुसराही हात आला. बोलतं ठेवावं म्हणून मी मारुतीचं विचारलं. मला ते काउंटरपासून विचारायचं होतं.

“आईनं गोंदवला. जत्रेत. मी रडले म्हनून गोंदनारनीनं विंचू फुकट काढून देल्ला.” एक पायरी. “मग छप्पन साली बापानं खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेलं. मी आठ वर्षांची. काय मानसं होती बाप्पा, काय मानसं!” अजून एक. “घरी आल्यावर देव होते ते सगळे नदीत नेऊन सोडले. टाक, फोटो, सगळे. मी बापाले हात दाखवला. म्हटलं, बाबा, हा कुठं सोडू?”

“मग?”

“बाप लय वेळ पाहत राह्यला. मग म्हने, नाई सुटत तं राहू दे. फक्त त्याले काई काम नोको सांगू.” दोन पायऱ्या. “सत्तर वर्षं झाली. नाई सांगितलं.”

साठला त्यांचे ओठ पांढरे दिसले. मी पुढे होऊन वाट अडवली. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, जसं शाळेत कोणा पालकाला केलं असेल. पासष्ट. सदुसष्ट. एकोणसत्तरला गुडघ्यातून आवाज आला, मला ऐकू आला. सत्तर. एकाहत्तर म्हणायला त्यांना तोंड दोनदा उघडावं लागलं. मग त्या दोन्ही हातांनी कठडा धरून तशाच उभ्या राहिल्या. डावा पाय उचलायच्या, तो चार बोटं वर यायचा, आणि परत खाली. असं किती वेळ झालं मला ठाऊक नाही. मी मोजलं नाही. मोजायचं काम त्यांचं होतं.

शेवटी त्या खाली बसल्या. ओल्या दगडावर. मी माझं जाकीट घडी करून घालायला गेलो तर म्हणाल्या, “बसल्यावर काय देता, बाप्पा.”

“एकच, मावशी. एक चढलात की दुसरा जिना पुरा होतो. भाजी आली.”

“भाजी खालीच राहिली,” मावशी म्हणाल्या.

पाणी पानांवरून थेंबाथेंबाने पडत होतं. खालून कुठूनतरी मैत्रीचं हसणं ऐकू आलं. ती गरम पाण्यात होती. माझ्या मनात आलं, अर्धा तास त्या पाण्यात मिळाला असता तर? एक पायरी वाढली असती? सदतीस वाढल्या असत्या? एक ओळ, तिसऱ्या पानावर, तळाशी.

आणि मग मी ते बोललो. पुण्याच्या माणसाला असं बोलायला तीस वर्षं अमेरिकेत राहावं लागत नाही.

“मावशी, मी प्रितमला सांगतो.”

“काय सांगता?”

“एकशे आठ. इथे कोण आहे बघायला? दोन कोल्हे आहेत आणि तेही खाली आहेत.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. घंटा होऊन दहा मिनिटं झाल्यावर फाटकाशी आलेल्या पोराकडे बघावं तसं.

“मी रोज सकाळी काय म्हनते? मुसावादा वेरमनी. खोटं नाई बोलनार. भिंतीतून ऐकू येते नं तुमाले?”

“येतं. पण तुम्ही नका बोलू. मी बोलतो. माझ्याकडे पंचशील नाही.”

“बोला. अन् तिकडे गेल्यावर?” त्यांनी पदराने कपाळ पुसलं. तो ठिपका तसाच राहिला. “तिकडे गेल्यावर जिना कोन चढन? तुमी?”

 मी गुडघे पोटाशी घेऊन त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. आम्ही दोघं शिक्षा झालेल्या मुलांसारखे दिसत असणार.

मग त्या म्हणाल्या, “जा.”

“कुठे?”

“वर. घंटा वाजवून या. इतक्या दूर आलो.”

“कशी वाजवू?”

“शाळा सुटल्याची वाजवा.”

मी सदतीस पायऱ्या चढलो. वर काहीच नव्हतं हो. मोठ्या कपाटाएवढं लाकडी देऊळ, दार बंद, समोर एक पेटी, वळचणीला लटकलेली पितळी घंटा आणि तिची जाड वेणीसारखी दोरी. आतमध्ये कोण आहे हे कळायचं साधन नाही. मला सवयीने हात जोडायचे होते, पण मावशींच्या कामाला आलो होतो, म्हणून नाही जोडले. दोरी धरली आणि ओढली. ती घंटा आपल्यासारखी नव्हती. तिला लोलक नव्हता, आत गोळे होते. खडखडली. मी पुन्हा ओढली, पुन्हा, पुन्हा. शाळा सुटल्याची घंटा कशी असते ते मला आठवत होतं, सलग, लांब, थांबूच नये अशी. ती काही केल्या जमेना. माझं मलाच कळेना माझ्या डोळ्यांत का पाणी आलं. थंडी असेल.

खाली आलो. मावशी तशाच बसल्या होत्या, तोंड खालच्या बाजूला करून.

“ऐकू आली?”

“आली.”

“कशी होती?”

“खुळखुळा,” मावशी म्हणाल्या. “अन् मधल्या सुट्टीची वाटली. पोरं डबे घेऊन परत येतीन.”

उतरणं चढण्यापेक्षा वाईट होतं. एकेक पायरी त्या बसून, हाताने अंग पुढे सारून उतरल्या. दोनदा मी हात दिला, दोन्हीदा घेतला. ते मला फार लागलं, तो हात त्यांनी मुकाट्याने घेतला ते.

कमानीखाली प्रितम उभा होता. अंगावर त्या लोकांनी दिलेला निळा झगा, केस ओले, तोंड गरम पाण्याने लाल झालेलं. तो मध्येच कुंडातून उठून आला होता. त्याने आईच्या साडीला मागे लागलेलं शेवाळ पाहिलं.

“किती?” त्याने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधी मावशी म्हणाल्या, “एकाहत्तर.”

प्रितमच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. मी पाहिली, मावशींनीही पाहिली. ती लगेच गेली, आणि मग त्याला तो चेहरा कुठे ठेवावा कळेना. तो खाली वाकला आणि आईच्या बुटाची नाडी बांधायला लागला. ती सुटलेली नव्हती. त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधली.

मैत्री टॉवेल गुंडाळून धावत आली होती. “सेव्हन्टी-वन? आजी, दॅट्स लाइक अ सी मायनस.”

“काय म्हनते?”

“काठावर पास म्हणते,” मी म्हणालो.

“आमच्या शाळेत एकाहत्तरले फर्स्ट क्लास देत,” मावशी नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या. “पन तुया बापानं पेपर शंभराचा काढला नाई. शंभर पायऱ्यांचा काढला.”

नाडी बांधणारे हात थांबले. “आई, आपण पुन्हा…”

“ऊठ. थंडी लागन तुले. भिजलेला आहेस.”

दुपारी जेवण झालं. मी ज्या पानासाठी नियमाचं पान वाचलं नव्हतं, ते हे जेवण. अकरा वाट्या होत्या. मला एकीचीही चव आठवत नाही. मावशींनी भात खाल्ला आणि काउंटरवरच्या बाईंना ते दोन स्टिकर परत केले. बाई पाचव्यांदा वाकल्या. मावशी वाकल्या नाहीत. त्यांना वाकता येत नव्हतं. त्यांनी बाईंच्या खांद्यावर थोपटलं.

परतताना त्या माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर बसल्या. पाय लांब करता येतात म्हणून. मंजुषा मागे झोपली.  दोन तासांनी मोनरो गावाजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, “उद्या त्याले तिकिटाचं विचारनार नाई मी.” एवढंच. बाहीतून त्यांचा अंगठा मारुतीवर फिरत होता, विसरून फिरतो तसा.

मला ते सहन होईना. सहन झालं नाही की मी आनंदी गोष्टी बोलतो. तो माझा जुना आजार आहे.

“मावशी,” मी म्हणालो, “पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. खासगी कुंड मी आत्ताच बुक करतो, सगळी पानं वाचून. अर्धा तास पाण्यात बसा आणि उरलेल्या सदतीस चढून टाका. सदतीस म्हणजे काय हो? एक जिना आणि वर एक पायरी!”

मावशी काचेतून पुढे बघत राहिल्या. सिग्नल हिरवा झाला.

“पुढच्या साली पायऱ्या वाढल्या असतीन, भाऊ.”